दोन-तीन वर्षांसाठी म्युनिकला येताय? जोडप्याने बस्तान बसवायचं कसं

कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलंय, किंवा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांसाठीच्या युरोपीय निवास-परवान्यावर) नोकरी लागलीय. जोडीदार भारतातली नोकरी सोडून सोबत येतोय. पुढचं ‘तिथे गेल्यावर बघू’. पुणे-मुंबई-नाशिकहून म्युनिकला येणाऱ्या बहुतेक मराठी जोडप्यांचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं. मुक्काम तात्पुरता आहे हे डोक्यात पक्कं असल्यामुळे दोन गोष्टी हमखास घडतात. सगळी कागदपत्रं नोकरी असलेल्याच्या नावावर होतात, आणि ‘दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे’ म्हणत लांब मुदतीच्या करारांवर डोळे मिटून सह्या होतात. दोन्हींचा त्रास नंतर होतो आणि बराच होतो. म्हणून पुढे जे काही सांगतेय त्यात दोन प्रश्न सतत विचारत राहा: हे दोघांच्या नावावर होतंय का? आणि हे सोडायचं झालं तर किती दिवस आधी, कुणाला, काय कळवायचं?

निघण्याआधी

लग्नाचा दाखला हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. व्हिसासाठी तो लागतोच, पण काम तिथे संपत नाही. म्युनिकला आल्यावर पत्ता नोंदवताना, कर ठरवताना, आरोग्य विम्यात जोडीदाराचं नाव घालताना तोच पुन्हा पुन्हा मागतात. मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. साध्या भाषांतराला कार्यालयं विचारत नाहीत. दाखल्यावरची आणि पासपोर्टवरची नावं अक्षरन् अक्षर जुळतात का हे भारतात असतानाच तपासा. इथून महानगरपालिकेत दुरुस्ती करून घेणं म्हणजे सासू-सासऱ्यांना वॉर्ड ऑफिसच्या खेपा घालायला लावणं.

नावावरून आठवलं. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. जर्मन कारकुनाच्या दृष्टीने सायली अमोल हे तुमचंच जोडनाव आहे, आणि तो सगळीकडे तसंच लिहिणार. वाद घालू नका. विमा, बँक, घराचा करार, महिन्याचा प्रवासपास, सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच नाव पूर्ण लिहा. एका ठिकाणी ‘सायली’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सायली अमोल’ झालं की त्या दोन वेगळ्या बायका होतात.

पगार भारतातूनच चालू राहणार असेल आणि कंपनीने फक्त कामापुरतं पाठवलं असेल, तर भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ मागून घ्या. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षेचा करार २०१७पासून लागू आहे. त्यामुळे अशा कर्मचाऱ्याला ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनची वर्गणी भरावी लागत नाही. हे काम कंपनीच्या एचआरचं आहे, पण विचारल्याशिवाय होईल अशी आशा ठेवू नका.

बॅगेचा विषय. तूप, पेढे, खवा, चक्का, दूध पावडर, कुठलाही मांसाचा पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. आईने कितीही प्रेमाने तुपाचा डबा दिला तरी तो कस्टममध्ये जाऊ शकतो. कढीपत्ता, आंबे, ताजी फळं-भाज्या यांनाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे व्यवहारात नाहीच. गोडा मसाला, काळा मसाला, चटण्या, मेतकूट, कोकम, भाजणी, चिंच यांना अडचण नाही, आणि यातलं बरंचसं इथल्या भारतीय दुकानांत मिळतही नाही. ती दुकानं प्रामुख्याने उत्तर आणि दक्षिण भारतीय चवीची आहेत. जागा मसाल्यांना द्या, डाळ-तांदळाला नको. विमानाने येताना स्वतःच्या वापरापलीकडच्या नव्या वस्तू आणि भेटी मिळून माणशी ४३० युरोंपर्यंत करमुक्त असतात.

रोजची औषधं तीन महिन्यांची आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा. चष्मे दोन-दोन करून घ्या आणि दातांची कामं भारतातच उरका.

मिक्सर आणावा की नाही हा प्रत्येक जोडप्याचा पेटता प्रश्न. आणा. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे मोटरला काही होत नाही. फक्त आपली तीन गोल पिनांची मोठी प्लग इथल्या सॉकेटात जात नाही. अर्थिंग असलेला चांगला अडॅप्टर घ्या. विमानतळावरचा दोन पिनांचा स्वस्त खोका मिक्सरसाठी वापरू नका. कुकरचं मात्र आधी विचारून ठरवा. घरमालकाकडून स्वयंपाकघराचा फोटो मागवा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर त्याच्यावर तापणारच नाही, स्टीलचा इंडक्शन-तळाचा हवा. साधी काचेची विजेची शेगडी असेल तर कुठलाही चालतो. बिडाचा तवा आणि लोखंडी कढई दोन्हींवर चालतात.

पहिलं घर

म्युनिक हे जर्मनीतलं सर्वांत महाग भाड्याचं शहर आहे. भारतात बसल्या बसल्या दोन वर्षांचं घर ठरवण्याच्या भानगडीत पडू नका. आधी दोन-तीन महिन्यांसाठी सामानासह घर घ्या, मग इथे राहून पुढचं शोधा. किंवा मुक्कामच दोन वर्षांचा असेल तर पूर्ण काळ सामानासह घरातच काढा. माझं मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकतं, आणि त्याला कारण आहे. जर्मनीत रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं. दिवे नसतात, छतातून वायर लोंबतात. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरही नसतं: ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर तुम्हाला विकत देऊ करतो, आणि जाताना तुम्ही पुढच्याला विकायचं. दोन वर्षांच्या पाहुण्याने हा व्यापार का करावा?

खोल्या मोजायची पद्धत वेगळी आहे. ‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे आपलं वन बीएचके. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. सामानासह असं घर साधारण दीड ते सव्वादोन हजार युरोंना जातं, भागाप्रमाणे कमी-जास्त. जाहिरातीत दोन आकडे दिसतील. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं, ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिना-सफाई धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याच्याही बाहेर. तुलना करताना नेहमी वार्ममीटे धरा आणि वीज कुणाच्या नावावर आहे ते विचारा.

अनामत रक्कम तीन काल्टमीटेंपेक्षा जास्त मागता येत नाही, हा कायदा आहे. ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्कही तुम्हाला आहे. पहिला हप्ता घराचा ताबा घेताना. तेव्हा ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं कुणी लिहिलं तर पत्र तिथेच बंद करा. या फसवणुकीला दरवर्षी नवे लोक बळी पडतात, आणि त्यांतले बरेचसे अजून शहरात न आलेलेच असतात.

करारावर सही करण्याआधी पुढचं पाहा:

- भाडेकरूने सोडायची नोटीस साधारणपणे तीन महिन्यांची असते. पण काही करारांत ‘अमुक काळ घर सोडता येणार नाही’ असं कलम घालतात, आणि ते वैध ठरू शकतं. कंपनीने वर्षभरात परत बोलावलं तर काय, हा प्रश्न इथे विचारायचा.
- करारात दोघांचीही नावं हवीत. जोडीदाराचं नाव नसेल तर पुढे काही कागदांसाठी घरमालकाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात.
- पत्ता नोंदवता येईल का? काही तात्पुरत्या जागांचे मालक नकार देतात. नोंदणी होत नसेल तर ते घर कितीही सुंदर असो, घेऊ नका.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा शक्यतो टाळा. ऑक्टोबरफेस्ट हा इथला बिअरचा महोत्सव नावाला ऑक्टोबरचा, पण सुरू होतो सप्टेंबरात, आणि त्या दिवसांत हॉटेलांचे आणि तात्पुरत्या खोल्यांचे भाव आभाळाला टेकतात.

ताबा घेताना घरमालकासोबत फिरून प्रत्येक ओरखड्याची नोंद करा, फोटो काढा, मीटरचे आकडे लिहा आणि त्या कागदावर त्याची सही घ्या. सामानासह घरात तर चमचेसुद्धा मोजलेले असतात. आणि किल्ली जपा. इमारतीच्या सगळ्या दारांना चालणारी एकच किल्ली हरवली तर संपूर्ण कुलूपव्यवस्था बदलण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, तो हजारोंत जातो. दाराला बाहेरून फिरणारा दांडा नसतो. कचरा टाकायला बाहेर पडलात आणि मागे दार लागलं की तुम्ही पायजम्यात जिन्यावर. एक जादा किल्ली ओळखीच्या घरी ठेवा. शिवाय ‘हाफ्टफ्लिष्ट’ नावाचा विमा घ्या, म्हणजे आपल्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. जोडप्यासाठी तो वर्षाला फारसा महाग पडत नाही. घेताना भाड्याच्या घराची किल्ली त्यात धरलीय का ते पाहा.

पत्ता नोंदवणं आणि पत्रपेटी

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि बाकी सगळ्या गोष्टी याच्यावर उभ्या आहेत. म्युनिकमध्ये हे काम शहराच्या ‘ब्युर्गरब्युरो’त होतं, मुख्य कार्यालय पोचीश्ट्रासे मेट्रो स्थानकाजवळ रुपर्टश्ट्रासेवर आहे. वेळ ऑनलाइन घ्यायची. जवळची तारीख मिळत नसेल तर सकाळी लवकर पुन्हा पाहा, आणि पासिंगसारख्या दुसऱ्या भागांतल्या कार्यालयांतही शोधा, शहरात कुठेही गेलं तरी चालतं. सोबत दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला भाषांतरासह आणि घरमालकाने सही केलेला ‘तुम्ही इथे राहायला आलात’ हा छापील कागद. भाडेकरार दाखवून भागत नाही, तो कागदच लागतो.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो जनगणनेसाठी नाही. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर बव्हेरियात आयकराच्या ८ टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. आपल्यापैकी बाकीच्यांनी ‘काही नाही’ लिहून पुढे जावं. गोव्या-वसईकडच्या ख्रिस्ती जोडप्यांनी मात्र हा आकडा आधी माहीत करून घेऊन जावं.

आता खाली पत्रपेटीपाशी या. ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणी सांगत नाही. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन मजला पाहत नाही, घंटेवरचं आणि पत्रपेटीवरचं नाव पाहतो. पेटीवर ‘कुलकर्णी’ असेल आणि पत्र ‘देशमुख’ नावाने आलं, तर ते ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून परत जातं. लग्नानंतर बायकोने आडनाव बदललं नसेल तर दोन्ही आडनावं पेटीवर आणि घंटेवर हवीत, ताबा मिळाल्याच्या दिवशीच. पांढऱ्या कागदावर मोठ्या रोमन अक्षरांत लिहून पारदर्शक टेपने चिकटवा. नंतर घराची देखरेख करणारा माणूस नीट पट्टी लावून देईल. तुमचा कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टाने येतं, वेगवेगळ्या लिफाफ्यांत.

त्यातलं एक पत्र लक्षात ठेवा. रेडिओ-टीव्हीचं शुल्क महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ते माणशी नाही, घरटी आहे. पण नोंदणी दोघांची झाल्यामुळे पत्रं दोघांना येतात. एकाने भरायचं, दुसऱ्याने उत्तरात पहिल्याचा शुल्क-क्रमांक कळवायचा. पत्र जाहिरात समजून फेकलं तर थकबाकी साठत जाते.

कर, विमा, बँक

अकरा आकडी कर-क्रमांक साधारण दोन ते चार आठवड्यांत घरी येतो. तो येईपर्यंत पगारातून सर्वाधिक दराने कर कापला जाऊ शकतो. पुढे तो परत मिळतो, घाबरू नका. विवाहित म्हणून नोंद झाली की दोघंही ४/४ या कर-वर्गात जातात. एकच जण कमावत असेल तर कर कार्यालयाकडे ३/५साठी (कमावणारा तिसऱ्या वर्गात, जोडीदार पाचव्यात) अर्ज करा. हातात येणाऱ्या पगारात महिन्याला काही शे युरोंचा फरक पडतो. अर्ज आपण करायचा असतो, आपोआप होत नाही. पुढे जोडीदाराला नोकरी लागली की हा वर्ग पुन्हा तपासा, नाहीतर पाचव्या वर्गातल्याचा पगार पाहून मन खट्टू होतं.

आरोग्य विमा सार्वजनिक योजनेचा असेल तर न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न देता त्याच विम्यात येतो. फॉर्म भरावा लागतो आणि दोघांना वेगवेगळी कार्डं मिळतात. खासगी विम्यात जोडीदाराचा हप्ता वेगळा. तरुण, पगार चांगला, हप्ता कमी दिसतोय म्हणून एकटा माणूस खासगीकडे वळतो आणि जोडीदार आल्यावर हिशेब उलटतो.

आजारी पडण्याआधीच जवळचा फॅमिली डॉक्टर शोधून ठेवा. नवीन रुग्ण घेता का, हे विचारावं लागतं. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे थेट जाता येतं. रात्री-अपरात्री ताप आला, पण जिवावरचं नाही, तर ११६११७ हा क्रमांक. जिवावरचं असेल तर ११२. प्रतिजैविकं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि साध्या सर्दीला डॉक्टर गवती चहाच्या धर्तीवर काहीतरी प्यायला सांगून परत पाठवेल. मनाची तयारी ठेवा.

बँकेत संयुक्त खातं उघडा आणि त्याशिवाय जोडीदाराचं स्वतःचं एक खातं. दर वेळी ‘कार्ड दे’ म्हणावं लागणं हे छोटंसं वाटतं, पण सहा महिने रोज घडलं की छोटं राहत नाही.

मोबाइलसाठी प्रीपेड सिम पुरतं. करारावर घ्यायचा झाला तर पहिली मुदत दोन वर्षांपर्यंत असू शकते, जिमचंही तेच. घरमालकाचं इंटरनेट भाड्यातच मिळत असेल तर त्यासारखं सुख नाही.

प्रवासासाठी देशभराच्या स्थानिक गाड्यांत चालणारा डॉइचलांड-तिकीट हा पास आहे, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. मेट्रो, ट्राम, बस आणि प्रादेशिक रेल्वे त्यात येतात. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. तो ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. बंद करायचा असेल तर त्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवायचं. सुट्टीवर भारतात महिनाभर जाताना हे विसरू नका. जोडीदार रोज प्रवास करत नसेल तरी पहिले काही महिने त्यालाही पास घ्याच. प्रत्येक बाहेर पडण्याला तिकिटाचा हिशेब लागला की माणूस घरातच बसतो.

भारतीय परवान्यावर सहा महिने गाडी चालवता येते. एकूण मुक्काम वर्षभराच्या आतला आहे हे दाखवता आलं तर मुदत आणखी सहा महिने वाढवून मागता येते. त्यापुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. म्युनिकमध्ये गाडी नसली तर काही अडत नाही.

स्वयंपाकघर आणि वाणसामान

नळाचं पाणी सरळ प्या. ते आल्प्सच्या पायथ्याकडच्या मांगफाल खोऱ्यातून येतं आणि १८८३पासून शहर त्यावर जगतंय. पाणी जड आहे, त्यामुळे किटलीच्या तळाला आणि नळाच्या तोंडाला पांढरा थर चढतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून उकळलं की निघतो. घर सोडताना हा थर नीट साफ केलेला असावा अशी घरमालकाची अपेक्षा असते.

पोळ्यांचं पीठ. दुकानात ‘४०५’ लिहिलेली पिशवी म्हणजे आपला मैदा. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. १०५० आणि पूर्ण गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घेऊन मळलं तर पोळी होते, पण घडीच्या पोळीची सर येत नाही. कणकेसाठी भारतीय दुकानच गाठावं. मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला गोएथेश्ट्रासे, लांडवेअरश्ट्रासे या भागात तुर्की, अरबी, आशियाई दुकानांची रांग आहे. कोथिंबिरीची भली मोठी जुडी, भेंडी, हिरव्या मिरच्या, वांगी तिथे सुपरमार्केटपेक्षा स्वस्त आणि ताजी. बेसन आणि रवा आता साध्या सुपरमार्केटातही मिळतात. रव्याचे दोन प्रकार असतात. उपमा आणि शिऱ्यासाठी मऊ गव्हाचा घ्या, दुसरा कडक गव्हाचा. उपासाला ‘हिर्झे’ नावाचं भरडधान्य भगरीची जागा घेतं आणि राजगिरा ‘अमारांट’ नावाने मिळतो.

दुधाच्या बाबतीत मात्र चैन आहे. बिनमिठाचं लोणी घरी कढवलं की उत्तम तूप होतं. किंचित आंबवलेल्या लोण्याचं तर घरच्या साईच्या तुपासारखं रवाळ. ‘क्वार्क’ घेतला की श्रीखंडासाठी चक्का टांगायचं कामच नाही. ४० टक्के स्निग्धांशाचा घ्या आणि तासभर फडक्यात ठेवून पाणी गाळा. बिनस्निग्धांशाचा घेतलात तर पातळ आणि आंबट होईल.

फोडणीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. बऱ्याच घरांतली चिमणी हवा बाहेर टाकत नाही, फक्त गाळून पुन्हा घरात सोडते. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची परतली की वास कपड्यांत, पडद्यांत आणि जिन्यात. फोडणी करण्याआधी स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी सताड उघडी, कोट दुसऱ्या खोलीत. धुराचा भोंगा झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये असतो. तो वाजू नये म्हणून काढून ठेवणं बेकायदा आहे. खिडकी नुसती वरून तिरपी ठेवून उपयोग नाही. पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटं, हिवाळ्यातही, दिवसातून दोन-तीनदा. असं न करता आत कपडे वाळवले, कुकर लावले, आंघोळीची वाफ कोंडली तर खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि अनामत रकमेवरचे निम्मे वाद त्या बुरशीवरून होतात.

आवाज, कचरा, रविवार

बव्हेरियात दुकानं संध्याकाळी ८ला बंद, रविवारी आणि सुट्टीला पूर्ण बंद. मुख्य स्टेशनमधली काही दुकानं उघडी असतात, तिथे रविवारी सगळं शहर दूध घ्यायला आलेलं असतं. शनिवारी दुपारीच बाजार उरका.

रात्री १० ते सकाळी ६ किंवा ७ आणि रविवारी दिवसभर शांतता. भिंतीत ड्रिल, पलंग सरकवणं, काचेच्या बाटल्या फेकणं, काही इमारतींत वॉशिंग मशिनसुद्धा नको. नेमके नियम जिन्यात लावलेल्या कागदावर असतात. फोनने फोटो काढून भाषांतर करून वाचा. इडलीचं वाटण शनिवारी संध्याकाळी वाटून ठेवायची सवय आपोआप लागते.

कचऱ्याचे तीन डबे इमारतीत: कागद निळ्यात, स्वयंपाकघरातलं ओलं तपकिरीत, उरलेलं काळ्यात. ओल्यात प्लॅस्टिकची पिशवी टाकायची नाही, ‘विघटनशील’ लिहिलेली असली तरी. प्लॅस्टिकची वेष्टणं, डबे आणि काच यांसाठी म्युनिकच्या बहुतेक भागांत रस्त्यावरचे कंटेनर आहेत. काच पांढरी, हिरवी, तपकिरी अशी वेगळी. पाणी-कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅन यावर २५ सेंट अनामत असते. दबलेली बाटली मशीन घेत नाही, म्हणून चुरडू नका.

सोबत आलेल्याचा दिवस

एक जण सकाळी ऑफिसला जातो, त्याला सहकारी, कामाची भाषा, जेवणाची वेळ सगळं आयतं मिळतं. दुसरा घरात. नोव्हेंबरनंतर चार-साडेचारला अंधार पडतो. पहिला हिवाळा नात्याला जड जातो, आणि त्याचं कारण बहुतेकदा नातं नसतं, दिवसाला आकार नसणं हे असतं.

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला इथे येण्यासाठी जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही, आणि इथे कुठलंही काम करण्याची मुभा असते. तसा शेरा त्याच्या निवास-कार्डावर असतो. कार्ड हातात आलं की पहिल्यांदा तो शेरा वाचा. परीक्षा लागत नाही याचा अर्थ भाषा लागत नाही असा नाही. आल्या आल्या म्युनिकच्या ‘फोक्सहोखशूले’त, म्हणजे शहराच्या लोकशिक्षण केंद्रात, सकाळचा वर्ग घ्या. संध्याकाळचा नको. सकाळी उठून कुठेतरी पोचायचं आहे, हीच त्याची निम्मी किंमत. शहर ग्रंथालयाचं कार्ड काढा. झेंडलिंग भागातल्या गास्टाइग एचपी ८ या सांस्कृतिक केंद्रातल्या ग्रंथालयात बसून काम करायला जागा आहे आणि कुणी उठवत नाही.

कार्यालयांची कामं वाटून घ्या, आणि भाषा कच्ची असली तरी काही कामं सोबत आलेल्यानेच करावीत. विम्याला फोन, पोस्टातून पार्सल, घरमालकाला मेल. सगळं एकाने केलं की दुसरा या शहरात दोन वर्षं पाहुणाच राहतो.

म्युनिकमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीला गेलात तर ओळखी होतील, आरतीनंतर मोदकाच्या रांगेत घराच्या शोधापासून बालवाडीपर्यंत सगळी माहिती मिळेल. पण सगळे शनिवार-रविवार मराठी घरांतच गेले तर जर्मन तोंडात बसत नाही. शेजाऱ्यांना पहिल्या आठवड्यात घंटा वाजवून नाव सांगून या. पुढे फोडणीचा वास जिन्यात गेला तरी तक्रार थेट घरमालकाकडे जात नाही.

भारतात लग्नाला जायचं ठरलं तर तिकीट काढण्याआधी निवास-कार्डाची मुदत पाहा. नूतनीकरण चालू असताना तात्पुरता कागद मिळतो, पण त्यात दोन प्रकार आहेत. ‘जुना परवाना चालू आहे असं समजावं’ ही खूण असेल तरच बाहेर जाऊन परत येता येतं. दुसऱ्या प्रकारात इथे राहता येतं, परत आत येता येत नाही.

परत निघताना

तीन महिने आधी: घराची नोटीस, कागदावर, दोघांच्याही सहीने. करार दोघांच्या नावावर असेल तर एकाच्या सहीची नोटीस ग्राह्य धरत नाहीत. ईमेलवर विसंबू नका, पोस्टाने पोच घेऊन पाठवा. त्याच सुमारास इंटरनेट, वीज, जिम, विमे यांच्या मुदती तपासा. देश सोडताय या कारणावर काही करार मध्येच संपवता येतात, पण त्यांना पत्ता-नोंदणी रद्द केल्याचा दाखला लागतो.

तो दाखला निघण्याच्या आठवडाभर आधीपासून निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत मिळवता येतो. आधीच घ्या. रेडिओ-टीव्हीचं शुल्क बंद करायलाही तोच लागतो. तो न पाठवता गेलेल्यांच्या मागे थकबाकीची पत्रं जुन्या पत्त्यावर येत राहतात.

जर्मन बँक खातं लगेच बंद करू नका. घरमालक अनामतीतला काही भाग हीटिंग-पाण्याच्या हिशेबासाठी राखून ठेवतो, आणि तो हिशेब वर्ष संपल्यावर बारा महिन्यांपर्यंत येऊ शकतो. भारतातला पत्ता आणि ईमेल त्याला लेखी द्या. कराचं विवरणपत्र स्वेच्छेने चार वर्षांपर्यंत भरता येतं. वर्षाच्या मध्येच परत गेलात तर परतावा जवळपास नक्की असतो, म्हणून पगाराचे वार्षिक कागद जपून ठेवा.

जर्मन पेन्शनची वर्गणी भरली असेल आणि ती पाच वर्षांहून कमी असेल, तर युरोपीय संघाबाहेर गेल्यावर २४ महिन्यांनी स्वतःच्या वाट्याची रक्कम परत मागता येते. कंपनीचा वाटा मिळत नाही. जोडीदारानेही इथे नोकरी केली असेल तर त्याचा अर्ज वेगळा. दोघांचे पेन्शन-क्रमांक एका वहीत लिहा आणि फोनच्या कॅलेंडरात दोन वर्षांनंतरची तारीख आत्ताच टाकून ठेवा.